डोळ्यात टाकलेला थेंब आत किती पोहोचतो? कॉर्निया ओलांडण्याची अवघड वाट

बाटलीतून पडणारा डोळ्याच्या औषधाचा थेंब साधारण ४० ते ५० मायक्रोलिटरचा असतो. एका मिलिलिटरमध्ये असे वीस ते पंचवीस थेंब निघतात. डोळ्याच्या पृष्ठभागावर एरवी असणारं अश्रूंचं पाणी जेमतेम ७ ते १० मायक्रोलिटर. खालची पापणी आणि डोळा यांच्यामधल्या खोबणीत, पापणी न लवता, फार तर ३० मायक्रोलिटर मावतं. म्हणजे थेंब पडता पडताच बरंचसं औषध गालावर आणि पापण्यांच्या केसांवर जातं. पापणी लवली की उरलेलं नाकाकडे ओढलं जाऊ लागतं. पाच-सात मिनिटांत पृष्ठभाग जवळजवळ धुऊन निघतो. या सगळ्यातून कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा, ओलांडून डोळ्याच्या पुढच्या कप्प्यातल्या पाण्यात पोहोचणारा भाग सहसा पाच टक्क्यांहून कमी असतो. कितीतरी औषधांचा तर एक-दोन टक्केच.

ॲलर्जी किंवा डोळे कोरडे पडणं अशा तक्रारींत औषध पृष्ठभागावर राहिलं तरी भागतं. पण काचबिंदूचा दाब उतरवायचा, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरची आतली सूज कमी करायची किंवा कॉर्नियाच्या आत शिरलेले जंतू मारायचे, तर औषधाला आत जावंच लागतं. (पार मागच्या रेटिनापर्यंत मात्र थेंबातलं औषध पुरेसं पोहोचत नाही. म्हणूनच मधुमेहात रेटिनाला सूज आली की डोळ्यात इंजेक्शन द्यावं लागतं.)

आत जाणारा वाटा वाढवायचा तर दोन ठिकाणी हात घालता येतो. थेंब कॉर्नियावर जास्त वेळ टिकवायचा, आणि कॉर्नियाच्या थरांतून औषधाला वाट काढून द्यायची. दुसरं काम रसायनशास्त्रज्ञांचं. पहिलं मात्र बरंचसं रुग्णाच्या बोटांत आहे, त्याला एक पैसा लागत नाही, आणि तरीही त्याकडेच सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. म्हणून सुरुवात तिथून.

पहिली पाच मिनिटं

अश्रू सतत तयार होतात, मिनिटाला साधारण एक मायक्रोलिटर. पापणी मिनिटाला पंधरा-वीस वेळा लवते आणि दर वेळी पृष्ठभागावरचं पाणी नाकाकडच्या कोपऱ्यातल्या दोन बारीक छिद्रांकडे ढकलते. खालची पापणी जराशी बाहेर वळवून आरशात पाहिलं तर कोपऱ्याजवळ टाचणीच्या टोकाएवढं छिद्र दिसतं, तेच हे. तिथून नळी थेट नाकात उतरते. थेंब टाकल्यावर घशात कडू चव येते ती याच वाटेने.

इथे नुसतं औषध वाया जात नाही. नाकाच्या आतली त्वचा पातळ असते, तिच्यात रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं आणि तिथून रक्तात गेलेलं औषध यकृताला वळसा घालून सरळ हृदयाकडे, फुप्फुसांकडे जातं. काचबिंदूसाठी दिल्या जाणाऱ्या ०.५ टक्के टिमोलॉलच्या एका थेंबात पाव मिलिग्रॅम औषध असतं. ऐकायला किरकोळ वाटतं, पण दमेकऱ्याला धाप लागायला आणि आधीच मंद असलेली नाडी आणखी मंद व्हायला ते पुरू शकतं. दमा असेल किंवा हृदयाचे ठोके मंद असतील तर डोळ्यांच्या डॉक्टरांना हे आवर्जून सांगावं. ‘डोळ्याचंच तर औषध आहे’ म्हणून गप्प बसू नये.

यावरचा उपाय सोपा आहे. थेंब पडला की डोळा हळूच मिटायचा आणि तर्जनीने नाकाकडच्या कोपऱ्यालगत, हाडाच्या कडेवर दाबून धरायचं. दाब नाकाच्या बाजूच्या हाडावर हवा, बुबुळावर नको. तीन मिनिटं धरलं तर उत्तम, निदान दोन तरी. १९८४ साली टिमोलॉलवर झालेल्या अभ्यासात असं कोपरा दाबल्याने किंवा नुसता डोळा मिटून ठेवल्याने रक्तात जाणारं औषध जवळजवळ दोन तृतीयांशाने घटलं होतं. बोटं थरथरतात म्हणून ज्यांना कोपरा दाबता येत नाही त्यांनी फक्त डोळा मिटून स्वस्थ पडून राहावं, बराचसा फायदा त्यातही आहे. मात्र मिटणं अलगद हवं. डोळा घट्ट आवळला किंवा पटापट पापण्या मिचकावल्या तर पाणी नाकाकडे ढकलणारा हा पापण्यांचा पंप आणखी जोरात चालतो.

थेंब टाकण्याची रीत अशी. हात धुवा. झोपा किंवा खुर्चीत मान मागे टाका. खालची पापणी बोटाने पुढे ओढा म्हणजे छोटी झोळी तयार होते. बाटलीचं टोक एक-दोन सेंटिमीटर वर धरा, पापणीला किंवा केसांना टेकवू नका. टेकलं की जंतू बाटलीत शिरतात. नजर वर न्या आणि झोळीत एक थेंब सोडा. एकच. खोबणी एका थेंबानेच ओसंडते, त्यामुळे दुसऱ्या थेंबाने आतलं औषध वाढत नाही, फक्त बाटली लवकर संपते आणि नाकात जास्त जातं. थेंब नेम चुकून गालावर पडला असेल तरच दुसरा.

हात कापत असेल तर बाटली धरलेला हात कपाळाला टेकवा. लहान मुलं डोळा उघडत नाहीत, तेव्हा उताणं झोपवून मिटलेल्या डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यात थेंब ठेवा आणि मग डोळा उघडायला सांगा. तो आपोआप आत उतरतो.

दोन औषधं असतील तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्या. सशांच्या डोळ्यांवर झालेले जुने प्रयोग यात अगदी बोलके आहेत. दुसरा थेंब अर्ध्या मिनिटात टाकला तर पहिल्याचं जवळजवळ ४५ टक्के औषध वाहून गेलं, दोन मिनिटांनी टाकला तर १७ टक्के, आणि पाच मिनिटांनी टाकला तेव्हा फारसं काही गेलं नाही. क्रमही महत्त्वाचा आहे. आधी पाण्यासारखं औषध, मग दुधाळ, मग जेल आणि सगळ्यात शेवटी मलम. मलम आधी लावलं तर त्याचा तेलकट थर पुढच्या थेंबाला कॉर्नियापर्यंत पोहोचूच देत नाही.

तेल, पाणी, पुन्हा तेल

कॉर्निया मध्यभागी अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जाड असतो, सुमारे ५४० मायक्रॉन. त्याचे तीन मुख्य थर औषधाच्या दृष्टीने एकमेकांच्या विरुद्ध स्वभावाचे आहेत, आणि सगळी अडचण त्यातून निघते.

सर्वांत बाहेरचं एपिथेलियम. जाडी फक्त ५० मायक्रॉन, पेशींचे पाच ते सात थर. पण वरच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट सांध्यांनी जोडलेल्या असतात की पाण्यात विरघळणाऱ्या औषधाला त्यांच्या फटीतून शिरणं फार कठीण जातं. पेशींचं आवरण चरबीचं, त्यामुळे चरबीत मिसळणारं औषध पेशींच्या आरपार जाऊ शकतं. पाण्यात विरघळणाऱ्या औषधांच्या वाटेतला मोठा अडथळा हा एवढाच पातळ थर असतो.

त्याच्या आत स्ट्रोमा. कॉर्नियाच्या जाडीचा नव्वद टक्के भाग हाच, आणि तो कोलॅजनच्या तंतूंचा आणि पाण्याचा. इथे उलटा न्याय: पाण्याशी जुळणारं औषध सरसर जातं, तेलकट औषध एपिथेलियममध्येच रेंगाळतं. शेवटी एंडोथेलियम, पेशींचा एकच थर, पुन्हा चरबीचा, पण त्याचे सांधे सैल असल्यामुळे तो फारसा आडवा येत नाही.

म्हणून कॉर्नियातून जाणारं औषध तेल आणि पाणी दोन्हींत थोडंथोडं रमणारं लागतं. नुसतं तेलकट असून चालत नाही आणि नुसतं पाणीदार असूनही नाही. रेणूचा आकारही बघावा लागतो. रेणूभार पाचशेच्या पुढे गेला की वाट आणखी अवघड होते.

शिवाय कॉर्नियाच्या भोवतीचं पांढऱ्या भागावरचं पातळ आवरण, कंजंक्टायव्हा, क्षेत्रफळाने कॉर्नियाच्या सतराएक पट मोठं आहे आणि त्याच्यात रक्तवाहिन्या भरलेल्या आहेत. थेंबातलं औषध तेही शोषून घेतं आणि बहुतेक रक्तात सोडून देतं.

आत पोहोचल्यावरही काही औषधं परितारिकेच्या (बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याच्या) रंगद्रव्याला, मेलॅनिनला, चिकटून बसतात. आपल्याकडच्या गडद तपकिरी डोळ्यांत मेलॅनिन भरपूर, म्हणून ॲट्रोपिनसारखं औषध काम सुरू करायला वेळ घेतं आणि मग उतरायलाही आठवडा-दीड आठवडा लावतं. डोळे तपासताना बाहुली मोठी करायला ट्रोपिकामाइड आणि फिनिलेफ्रिनचा थेंब दोन-तीनदा टाकून बाकावर डोळे मिटून बसवतात, त्याचं एक कारण हेच. तिथे बसल्या बसल्या डोळे उघडून मोबाइल बघितला, रुमालाने कोपरे पुसत राहिलं तर बाहुली मोठी व्हायला आणखी उशीर लागतो.

बाटलीत टिकायचं की डोळ्यात शिरायचं

पायलोकार्पिन हे काचबिंदूचं फार जुनं औषध. आता रोजच्या उपचारात कमी दिसतं, पण डोळ्याच्या आतलं पाणी जिथून बाहेर जातं तो कोन अचानक बंद होऊन दाब चढला किंवा लेझरने परितारिकेला छिद्र पाडायचं असलं की अजूनही हाताशी लागतं. थेंबातल्या आम्लतेचं गणित समजून घ्यायला याच्यासारखं उदाहरण नाही.

पायलोकार्पिनचा रेणू विद्युतभार घेतो किंवा सोडतो. भाररहित रूप चरबीत मिसळतं आणि एपिथेलियम ओलांडतं. भारित रूप पाण्यात राहतं आणि बाहेरच अडकतं. यातलं कोणतं रूप किती, हे पीएचवर, म्हणजे आम्लतेच्या मापावर (आकडा कमी तितकं आम्ल जास्त), ठरतं. पीएच ५ ला भाररहित रेणू शंभरात जेमतेम एक असतो. अश्रूंच्या ७.४ पीएचला ते प्रमाण सत्तरच्या आसपास जातं. मग औषध सरळ ७.४ ला का भरत नाहीत? कारण त्या पीएचला पायलोकार्पिन बाटलीत हळूहळू विघटित होतं आणि दुकानातल्या फळीवर महिनोन्महिने टिकत नाही. आम्लात ते टिकतं, पण आम्ल डोळ्याला झोंबतं. डोळा झोंबला की अश्रूंचा लोंढा येतो आणि औषध पातळ होऊन वाहून जातं.

तोडगा असा काढला जातो की द्रावण आम्लधर्मी ठेवायचं पण त्याला बफर (पीएच बदलू न देणारं मिश्रण) अगदी दुबळं द्यायचं. थेंब डोळ्यात पडला की अश्रू त्याचा पीएच चटकन वर खेचतात आणि भाररहित रेणू तयार होऊ लागतात. इथेही एकाऐवजी दोन-तीन थेंब टाकले तर अश्रूंना तेवढं आम्ल निष्प्रभ करायला वेळ लागतो, झोंबणं लांबतं आणि औषध आणखी धुऊन जातं.

सिप्रोफ्लॉक्सॅसिन या जंतू मारणाऱ्या औषधाच्या थेंबात याच्या उलट घोटाळा होतो. ते आम्लात विरघळलेलं असतं, पीएच ४.५ च्या आसपास. अश्रूंनी पीएच वर गेला की ते विरघळलेलं राहत नाही. कॉर्नियाच्या अल्सरवर वारंवार टाकलं की काही रुग्णांत जखमेवर पांढरा खडूसारखा थर साचतो. घरच्यांना वाटतं जंतुसंसर्ग वाढला, पण तो बहुधा औषधाचाच साका असतो. तरी ठरवायचं काम डॉक्टरांचं. मॉक्सिफ्लॉक्सॅसिन पीएच ६.८ च्या सुमारास विरघळतं, तेलापाण्याचा तोलही त्याच्यात चांगला आहे, म्हणून ते झोंबतं कमी आणि आत जातं जास्त.

रेणूचंच रूप बदलणं

थेंबाच्या शास्त्रातली सर्वांत यशस्वी युक्ती म्हणजे औषधाच्या रेणूला चरबीत मिसळणारा एक तुकडा जोडायचा, एपिथेलियम पार करवायचं, आणि कॉर्नियातल्याच एन्झाइमकडून तो तुकडा कापून घ्यायचा. आत मूळ औषध मोकळं होतं. अशा औषधांना प्रोड्रग म्हणतात.

पहिलं गाजलेलं उदाहरण डायपिव्हेफ्रिनचं. एपिनेफ्रिन, म्हणजे ॲड्रेनालिन, काचबिंदूत दाब उतरवतं खरं, पण पाणीदार असल्यामुळे एक-दोन टक्क्यांचा थेंब लागायचा आणि नाकातून रक्तात जाऊन छाती धडधडायची. त्याला दोन तेलकट शेपट्या जोडल्यावर कॉर्नियातून जाण्याचं प्रमाण सुमारे सतरा पट वाढलं, आणि ०.१ टक्क्याच्या थेंबात काम भागू लागलं.

आज काचबिंदूच्या रुग्णांच्या घरी सर्रास दिसणारं लॅटानोप्रोस्ट याच पठडीतलं आहे. अमेरिकेत १९९६ साली मान्यता मिळाली. बाटलीतला रेणू निष्क्रिय एस्टर असतो. कॉर्नियातून जाताना त्याचं विघटन होऊन सक्रिय आम्ल सुटतं. पुढच्या कप्प्यात त्याचं प्रमाण सुमारे दोन तासांनी सर्वाधिक होतं. एका थेंबात औषध किती? दीड मायक्रोग्रॅम. टिमोलॉलच्या थेंबातल्या पाव मिलिग्रॅमच्या शेजारी ठेवून पाहा, म्हणजे कामाला योग्य आणि आत शिरणारा रेणू मिळाला की मात्रा किती खाली आणता येते ते कळतं.

लॅटानोप्रोस्ट दिवसातून एकदाच, बहुधा रात्री. जास्त फरक पडेल म्हणून दोनदा टाकलं तर परिणाम उलट कमी होऊ शकतो. एखाद्या रात्री विसरलात तर दुसऱ्या दिवशी दुप्पट टाकू नका. न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवा. उघडल्यावर २५ अंशांपर्यंतच्या जागी सहा आठवडे चालते. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात घरात २५ अंश ही कल्पनाच अवघड, तेव्हा उघडलेली बाटलीही फ्रिजच्या दारातच बरी. काही कंपन्यांचं लॅटानोप्रोस्ट फ्रिजशिवाय टिकेल असं बनवलेलं असतं, म्हणून खोक्यावरची सूचना वाचून घ्यावी.

स्टिरॉइडची बाटली हलवायची कशासाठी

प्रेडनिसोलोन दोन रूपांत मिळतं. फॉस्फेट पाण्यात पूर्ण विरघळतं, द्रावण स्वच्छ दिसतं, पण धडधाकट एपिथेलियम त्याला अडवतं. ॲसिटेट तेलाकडे झुकणारं, म्हणून पाण्यात विरघळत नाही. त्याचे बारीक कण तरंगत ठेवलेले असतात आणि थेंब दुधाळ दिसतो. आत ते जास्त चांगलं शिरतं, म्हणूनच डोळ्याच्या आतल्या सुजेवर एक टक्क्याचं ॲसिटेट दिलं जातं.

पण कण तळाशी बसतात. बाटली न हलवता वरवरचे थेंब टाकले तर पहिले काही दिवस जवळजवळ नुसतं पाणी डोळ्यात जातं आणि शेवटच्या दिवसांत दाट औषध. सूज उतरत नाही म्हणून औषध बदललं जातं, आणि दोष औषधाचा नसतोच. दर वेळी झाकण लावून बाटली पंधरा-वीसदा जोरात हलवा, तळ उजेडात धरून पांढरा साका उरलेला नाही ना ते बघा, मग थेंब टाका.

डायफ्लुप्रेडनेट हे स्टिरॉइड तेलाच्या अतिसूक्ष्म थेंबांत विरघळवून दिलेलं असतं. ते हलवावं लागत नाही, प्रत्येक थेंबात मात्रा सारखी, आणि आत फार चांगलं जातं. इतकं चांगलं की डोळ्याचा दाब चढण्याचा धोकाही त्याच्याबरोबर वाढतो, विशेषतः लहान मुलांत. औषध जास्त आत गेलं की त्याचे दुष्परिणामही आत जातात. स्टिरॉइडचे थेंब डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मेडिकलमधून आणून वापरणं किंवा जुनी बाटली लाल डोळ्यावर पुन्हा सुरू करणं म्हणूनच घातक आहे.

दाट थेंब, चिकट थेंब

औषध दाट केलं तर ते टिकतं. मिथाइलसेल्युलोज, पॉलिव्हिनिल अल्कोहोल असे पॉलिमर त्यासाठी घालतात. सशांत याचा फायदा भरघोस दिसतो, माणसांत त्यामानाने बेताचा, कारण ससा पापणी फार क्वचित लववतो आणि आपण सारखी लववतो. प्रयोगशाळेतले सशांवरचे आकडे माणसाला जसेच्या तसे लावू नयेत ते यासाठी. फार दाट केलं तर नजर धूसर होते, माणूस डोळे मिचकावतो आणि औषध बाहेर.

त्यावर शोधलेली युक्ती मोठी देखणी आहे. गेलन गम घातलेलं टिमोलॉल बाटलीत वाहतं राहतं, पण अश्रूंतल्या सोडियम-कॅल्शियमच्या आयनांशी गाठ पडली की डोळ्यातच त्याची जेली होते. साधं टिमोलॉल दिवसातून दोनदा लागतं, हे एकदा. टाकण्यापूर्वी बाटली उलटी करून एक झटका द्यायचा, आणि दुसरी औषधं निदान दहा मिनिटं आधी टाकून घ्यायची.

सांधे सैल करणारं रसायन

बहुतेक थेंबांत जंतू वाढू नयेत म्हणून बेंझाल्कोनियम क्लोराइड असतं, साधारण ०.००४ ते ०.०२ टक्के. हे साबणाच्या जातीचं रसायन एपिथेलियमच्या पेशींचं आवरण आणि त्यांच्यामधले सांधे सैल करतं, त्यामुळे काही औषधं जास्त आत जातात. त्याच्या जोडीला ईडीटीए असलं तर ते सांध्यांना लागणारं कॅल्शियम काढून घेतं आणि तोच परिणाम वाढवतं.

पण संरक्षक थर रोज सैल करायचा आणि तोही वर्षानुवर्षं, याची किंमत रुग्ण मोजतो. काचबिंदूचे तीन-तीन थेंब घेणाऱ्यांचे डोळे लाल, चुरचुरणारे, कोरडे होतात ते पुष्कळदा औषधामुळे नसून या रसायनामुळे. शिवाय लॅटानोप्रोस्ट, टॅफ्लुप्रोस्ट यांचे हे रसायन नसलेले थेंबही दाब तितकाच उतरवतात. म्हणजे रेणू मुळात चांगला असेल तर सांधे सैल करण्याची गरज नाही. डोळे सतत चुरचुरत असतील तर औषध बंद करू नका, प्रिझर्व्हेटिव्ह नसलेला पर्याय आहे का ते डॉक्टरांना विचारा. मऊ कॉन्टॅक्ट लेन्स हे रसायन शोषून धरते, म्हणून थेंबापूर्वी लेन्स काढा आणि पंधरा मिनिटांनी घाला.

बधिर करणारा थेंबही, उदाहरणार्थ प्रोपॅराकेन, पुढच्या औषधाचा शिरकाव वाढवतो: झोंबणं थांबतं, अश्रू कमी येतात, एपिथेलियमही थोडं सैल होतं. तपासणीच्या खोलीत याचा उपयोग होतो. घरी मात्र तो कधीही वापरू नये. वारंवार वापराने कॉर्नियाची जखम भरणं थांबतं आणि कॉर्निया विरघळून छिद्र पडू शकतं.

थर खरवडून काढायचा का?

केराटोकोनस या आजारात कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येतो. तरुण वयात, डोळे सतत चोळणाऱ्यांत जास्त दिसतो. तो थांबवायला कॉर्नियात रायबोफ्लेविन, म्हणजे बी-२ जीवनसत्त्व, भिनवून अतिनील किरण देतात, त्याने कोलॅजनचे तंतू एकमेकांना बांधले जातात. थेंबात असतं ते रायबोफ्लेविन फॉस्फेट: भारित, पाणीदार, रेणूभार साडेचारशेच्या वर. एपिथेलियम ते आत जाऊ देत नाही. म्हणून ड्रेस्डेनमध्ये तयार झालेल्या आणि २००३ साली प्रसिद्ध झालेल्या मूळ पद्धतीत कॉर्नियाच्या मध्यभागावरचं एपिथेलियम खरवडून काढतात, अर्धा तास दर काही मिनिटांनी ०.१ टक्के रायबोफ्लेविन टाकतात आणि मग अर्धा तास किरण देतात. सर्वांत आतल्या एंडोथेलियमला किरणांचा त्रास पोहोचू नये म्हणून उरलेला कॉर्निया ४०० मायक्रॉन तरी जाड असावा लागतो.

एपिथेलियम काढल्यामुळे तीन-चार दिवस डोळा चांगलाच दुखतो आणि तोवर जंतुसंसर्गाची भीती असते. म्हणून थर न काढता औषध आत नेण्याचे प्रयत्न चालू आहेत. रायबोफ्लेविनमध्ये बेंझाल्कोनियम आणि ईडीटीए मिसळून पाहिलं, सौम्य वीजप्रवाहाने ढकलून पाहिलं. दुखणं कमी होतं, पण स्ट्रोमात औषध कमी पोहोचतं, आणि जागेवर राहिलेलं एपिथेलियम किरण व प्राणवायूही अडवतं, त्यामुळे परिणाम उथळ राहण्याकडे कल असतो. झपाट्याने वाढणाऱ्या केराटोकोनसमध्ये थर काढूनच करावं, हे मत आजही सयुक्तिक आहे.

जास्त शिरतं तेच चांगलं, असं नाही

उसाचं पातं, भाताची ओंबी, मातीचा कण डोळ्याला लागतो, कॉर्नियाला ओरखडा पडतो आणि बुरशी आत शिरते. शेतकऱ्यांत आणि ऊसतोड कामगारांत हा अल्सर होतो आणि वेळीच उपचार झाला नाही तर बुबुळावर कायमचं फूल पडतं. त्यावरचं मुख्य औषध नॅटामायसिन, पाच टक्क्यांचा दुधाळ थेंब. आत शिरण्याच्या बाबतीत ते अगदी कच्चं: रेणूभार ६६५, पाण्यात विरघळत नाही, जखमेवर पांढरा लेप होऊन बसतं. म्हणून डॉक्टर अल्सरवरचा सुटा थर खरवडतात. त्याने सूक्ष्मदर्शकाखाली बघायला नमुना मिळतो आणि औषधाला वाटही मिळते.

व्होरिकोनॅझोल याच्या उलट, लहान रेणू, कॉर्नियातून सहज पार होणारा. तर्काने तेच जिंकायला हवं. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालय समूहात ३२३ रुग्णांवर दोन्हींची तुलना झाली आणि निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. नॅटामायसिनच्या गटाची नजर जास्त सुधारली आणि कॉर्नियाला छिद्र पडण्याचे प्रकारही कमी झाले. फ्युजेरियम नावाच्या बुरशीत हा फरक सर्वांत ठळक होता. फ्युजेरियमवर नॅटामायसिनचा मारा मुळातच जास्त प्रभावी आहे, आणि जखमेवर बसलेला त्याचा लेप दोन थेंबांच्या मध्येही औषध सोडत राहतो, असं त्याचं स्पष्टीकरण दिलं जातं. सहज शिरणारं औषध तितक्याच सहज वाहूनही जातं.

या अल्सरमध्ये वेळापत्रक हाच उपचाराचा कणा असतो. सुरुवातीला दर तासाला, डॉक्टरांनी सांगितल्यास रात्रीही उठून थेंब टाकावा लागतो, आणि दर वेळी बाटली हलवूनच. घरातल्या दोघांनी पाळ्या लावून घेतल्या तर हे जमतं. डोळ्याला पातं लागल्यावर मध, दूध, एरंडेल किंवा कुणाच्या घरात पडून असलेला स्टिरॉइडचा थेंब घालू नका. स्टिरॉइडने लाली आणि ठणका दोन दिवस कमी होतो, आणि तेवढ्यात बुरशी कॉर्नियाच्या खोल थरांत जाते, जिथे नॅटामायसिन पोहोचत नाही. डोळा स्वच्छ पाण्याने धुवा आणि त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, जिथे कॉर्निया खरवडून नमुना तपासण्याची सोय आहे अशा नेत्र रुग्णालयात जा. वाटेत मेडिकलमधून काही थेंब घेऊन टाकले असतील तर ती बाटली बरोबर न्या. नमुन्यात जंतू का दिसत नाहीत हे डॉक्टरांना पुष्कळदा त्या बाटलीवरून कळतं.